निळ्या डोक्याचं चित्र

भंडारा
१२ जानेवारी २०२५

सौ. रुखमिणी,

तुझा फोन लागत नाही. म्हणजे जगाला लागतो, मलाच लागत नाही. राजकुमारदादाच्या फोनवरून केला तर तू उचलतेस, आणि माझा आवाज ऐकला की ठेवून देतेस. एकोडीच्या शाळेत एका पट्टीवर बसलेल्या दोघींनी चाळिशी उलटल्यावर असं वागावं, हे काही शोभत नाही. म्हणून पत्र लिहिते आहे. पत्र तरी तुला मध्येच ठेवून देता येणार नाही. फाडता येईल, पण तू कागद फाडणारी नाहीस, हे मला माहीत आहे.

काल इथे माझा सत्कार झाला. निमंत्रण तुला पाठवलं होतं. शाल, नारळ आणि पाणी भरायचा पितळेचा हा एवढा गुंड दिला. तो पुण्याला कसा न्यायचा, हीच सध्या मोठी चिंता आहे. निमित्त असं की, तुमच्या धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाच्या गावातल्या आणि भंडाऱ्यातल्या बाळांच्या मेंदूची वाढ तपासून मी जो निबंध लिहिला, त्याला यंदा दहा वर्षं झाली. जगभरात दीड हजारांहून जास्त शोधनिबंधांनी त्याचा आधार घेतला आहे. विद्यार्थ्यांच्या पाठ्यपुस्तकात त्यातलं चित्र छापलं आहे. फुशारकी मारत नाही, पण भंडाऱ्याचं नाव मेंदूशास्त्राच्या पुस्तकात कधी कोणी वाचलं असेल, असं मला वाटत नाही.

एका पुढाऱ्याने भाषणात काहीतरी भलतंच सांगितलं. अशा लोकांना शास्त्रातलं काय कळणार? सत्काराच्या वेळी कुठे दुरुस्त करत बसायचं, म्हणून मी हसून सोडून दिलं.

तुझ्या घरून घनश्यामभावजी आले होते असं दिसलं. गर्दीत भेट राहून गेली. गुड्डी आता बारा वर्षांची झाली असेल ना? तिच्या डोक्यावर आमची ती मेंदूच्या लहरी मोजायची तारांची टोपी घालताना तू म्हणाली होतीस, "नवरदेवावानी दिसून राहिली वो माही पोरगी." मी ते अजून लोकांना सांगते.

तुझा राग गुड्डीच्या शाळेवरून आहे, हे मी समजू शकते. पण शाळेने तिला वेगळ्या खोलीत तिच्या भल्यासाठीच बसवलं आहे, हे मी तेव्हाही सांगितलं होतं. उद्यापासून चार दिवस एकोडीला आहे. दादाच्या रिताला मुलगा झाला आहे, त्याला बघायला. तू आलीस तर बरं वाटेल.

रेणू


एकोडी
१६ जानेवारी २०२५

रुखमिणी,

तू आली नाहीस. बरं.

एक विचारायचं आहे, आणि ते विचारण्याआधी काय झालं ते सांगते.

काल सकाळी चंद्रकलावहिनी रिताच्या बाळाला, गोलूला, अंघोळ घालत होती. मी शेजारी पाटावर बसून चहा पीत होते. तुला हे सगळं पाठ आहे, पण तरी लिहिते, कारण मला लिहूनच नीट दिसतं. वहिनीने आधी त्याला पायांवर आडवं घेऊन जवसाच्या तेलाने रगडलं. मग टाळूवर तेल जिरवलं, कढत पाण्याने अंघोळ घातली, ओव्याची धुरी दिली, आणि रिताने पोटभर पाजलं. गोलू आधी घर डोक्यावर घेत होता. आता तो माझ्याकडे टक लावून बघत होता आणि मी बोट हलवलं तरी त्याची बुबुळं हलत नव्हती. डोळे उघडे, पण आत कोणी नाही.

वहिनी म्हणाली, "आता पाहाजा, कसा गुपचाप पडते तं. धा वाजेपर्यंत याले काहीच समजनार नाही."

मी विचारलं, "वहिनी, दवाखान्यात नेतानाही असंच करून नेता?"

"मंग! तसंच नेते का कोनी? दवाखान्यात लेकरू भोकाड पसरन तं लोक मायलेच नावं ठेवतीन. आंग धुवून, पाजून, शांत करूनच न्याव लागते."

माझा चहा तसाच राहिला.

रुखमिणी, बाळं तपासायला आमची गाडी तुमच्या गावात यायची तेव्हा बायांना निरोप देण्याचं काम तू करत होतीस. तू त्यांना नेमकं काय सांगायचीस? बाळांना अंघोळ घालून, पाजून आणा असं सांगितलं होतंस का? ते सांगायला नको होतं. तपासणीच्या वेळी बाळ टक्क जागं असावं लागतं. तू असं काही सांगितलं असशील, तर मला कळणं फार गरजेचं आहे. राग बाजूला ठेवून दोन ओळी लिही.

घाईचं नाही.

नाही, घाईचं आहे.

रेणू


पुणे
२ फेब्रुवारी २०२५

रुखमे,

मागचं पत्र चुलीत घातलं असशील तर चांगलं केलंस. नसेल घातलं तर आता घाल. त्यात मी तुझ्यावर जे ढकलू पाहत होते, त्याची आज मला फार लाज वाटते आहे.

तपासणीच्या वेळी आम्ही प्रत्येक बाळाचं चित्रीकरण करत होतो. निबंध झाला, चित्रीकरण कपाटात गेलं. इतक्या वर्षांत ते कोणी उघडून पाहिलं नाही, कारण आकडे आमच्याकडे होते आणि आकडे सुंदर होते. मी या पंधरवड्यात सगळं पाहिलं. माझ्याकडे काम करणारा निकेश म्हणून एक हुशार मुलगा आहे, तो सोबत बसला.

तुमच्या गावची बाळं एकामागून एक येतात. कपाळं तेलाने चमकतात, काजळ घातलेलं, गालाला तीट, नवी झबली. आया सणाला निघाल्यासारख्या नटलेल्या. आणि सगळी बाळं गोलूसारखी टक लावून बसलेली. समोर आमच्या पथकातली मुलगी साबणाचे फुगे उडवते आहे, आणि बाळं फुग्यांच्या पलीकडे कुठेतरी बघत आहेत. निकेश हळूच म्हणाला, "मॅडम, हे तर पेंगलेत." त्याला लग्न नाही, पोर नाही, तरी त्याला दिसलं.

भंडाऱ्याची बाळं रिक्षातून धक्के खात आलेली, चुळबुळी, फुगे धरायला झेपावणारी.

पेंगुळलेल्या बाळाच्या मेंदूच्या लहरी संथ होतात. आणि वाढ मागे पडलेल्या बाळाच्या लहरीही संथ असतात. तुमच्या बाळांच्या लहरी संथ आल्या. मी लिहिलं की घर, शेत, गाव सोडून आलेल्या आयांच्या दुःखाने बाळांच्या मेंदूची वाढ खुंटली. लोकांना ते पटलं. मला तर आधीपासूनच पटलं होतं. गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गाव गेलेल्या तुझ्या घरात जेवताना मला इतकं वाईट वाटायचं, की दुःखाचा पुरावा मिळाल्याचा मला आनंद झाला. होय, आनंदच झाला होता. मी तेव्हा सगळ्यांना पेढे वाटले होते.

पाठ्यपुस्तकातलं ते चित्र असं आहे: शेजारी शेजारी दोन डोकी, एक लाल आणि एक निळं. लाल म्हणजे शहरातली बाळं, निळं म्हणजे तुमची. त्या निळ्या डोक्यात गुड्डी आहे.

आता सगळ्यात वाईट ते सांगते. भंडाऱ्याच्या आयांना आम्ही छापील कागद दिला होता. त्यावर होतं, ‘बाळाची झोप पूर्ण झाल्यावर आणावे.’ तुमच्या गावात मी तो कागद वाटूच दिला नाही. म्हटलं, मी इथलीच, मला यांची बोली येते, कागदाची काय गरज? मी तुला काय सांगितलं, ते पहिल्या दिवसाच्या चित्रीकरणात माझ्याच आवाजात आहे. "रुखमे, पोरगं रडाले नाही पाहिजे हं. रडलं तं मशीन बिघडते. शांत करून आनजा म्हना सगळ्यायले." आणि तू मान डोलावतेस. तू त्या बायांना तेच सांगितलंस, आणि त्यांनी तेच केलं, जितकं मन लावून करता येईल तितकं मन लावून.

तू चुकली नाहीस. तुमच्या गावातलं कोणीच चुकलं नाही.

आणखी एक. भंडाऱ्याला सत्काराच्या दिवशी गर्दी नव्हती. सभागृह अर्धं रिकामं होतं. भावजी तिसऱ्या रांगेत बसले होते आणि गुड्डी त्यांच्या शेजारी, लाल रिबिनी बांधून. तो पुढारी म्हणाला, "आमच्या रेणूताईनं जगाले दाखवून देल्लं का धरनाच्या पोरायचा मेंदू लहान हाये." टाळ्या पडल्या. गुड्डीनेही वाजवल्या. मी तिच्याकडे पाहिलं, आणि माईक हातात असूनही एक शब्द बोलले नाही. नंतर मागच्या दाराने गाडीत बसले.

रेणू


पुणे
२३ फेब्रुवारी २०२५

रुखमे,

एक शिवी तरी लिहून पाठव. तुझ्या शिव्या ऐकून किती वर्षं झाली.

निकेशने सगळी आकडेमोड पुन्हा केली. बाळ खरोखर जागं आहे, असे तेवढेच तुकडे वेगळे काढले. लाल आणि निळं डोकं सारखंच आलं. मी खुर्चीतून उठून नाचायचीच बाकी होते. मग तो म्हणाला, "मॅडम, पण तुकडे इतके थोडे उरलेत की यावरून काहीच म्हणता येणार नाही." खरं आहे. तुमची बाळं मागे होती हे मला ठाऊक नव्हतं, आणि मागे नव्हती हेही आता मला सिद्ध करता येत नाही. मला काहीच माहीत नव्हतं, आणि मी दहा वर्षं देशोदेशी फिरून ते काहीच सांगत होते.

सरांना भेटले. सर म्हणजे माझे मार्गदर्शक, निबंधावर त्यांचंही नाव आहे. पंचाहत्तरी झाली आहे. त्यांनी शांतपणे ऐकलं. म्हणाले, "रेणू, या निबंधावर किती लोकांनी आपलं काम उभं केलं आहे याचा विचार कर. परदेशात एका मुलीने याच्यावर पीएचडी केली आहे. तिचं काय? आणि विस्थापितांच्या मुलांसाठी शाळांत वेगळ्या खोल्यांची जी योजना चालू झाली, ती बंद पडली तर? तुझा हेतू चांगला होता. नवा निबंध लिही, त्यात एका परिच्छेदात या मर्यादेचा उल्लेख कर. शास्त्र असंच हळूहळू सुधारतं."

मला ते ऐकून हायसं वाटलं. तुला खोटं का सांगू? घरी येऊन तो परिच्छेद लिहूनही काढला. फार छान उतरला. ‘काही बालकांच्या जागृतावस्थेतील फरकाचा परिणाम नाकारता येत नाही.’ यात चूक कोणाची, कोणती, किती, काहीच कळत नाही, आणि तरी सगळं सांगितल्यासारखं वाटतं. वीस वर्षांत मी हीच भाषा शिकले आहे. जूनमध्ये मला आमच्या केंद्राची संचालक करायचं चाललं आहे, आणि तो परिच्छेद लिहिताना ते माझ्या डोक्यात होतं. हे तुला सांगते आहे, कारण दुसऱ्या कोणाला सांगायची हिंमत नाही.

आणि मग तुझा तो फोन आठवला, गुड्डी तिसरीत असतानाचा. "रेणू, धरनाच्या गावच्या पोरायले वेगळ्या खोलीत बसवून राहिले. मातीचे बैल करवून घेते न रंग भराले लावते. तू गुरुजीले एकडाव सांग न वो, का माही गुड्डी चांगली हाये." आणि मी तुला काय म्हणाले? "विज्ञानात माझी पोर, तुझी पोर असं नसतं, रुखमिणी." ते वाक्य मला त्या वेळी फार बाणेदार वाटलं होतं. तू फोन ठेवलास. त्यानंतर उचललाच नाहीस.

तो परिच्छेद अजून पाठवलेला नाही. फाडलेलाही नाही.

रेणू


पुणे
९ एप्रिल २०२५

रुखमे,

निबंध मागे घेतला. तो परिच्छेद नव्हे, अख्खा निबंध. कारणासह, माझ्या नावानिशी, आणि सूचना माझ्याकडून चुकीची गेली हे स्पष्ट लिहून. सरांनी सही केली, पण माझ्याशी बोलायचं टाकलं. संचालकपदाचं कोणी नाव काढत नाही. लोक जिन्यात भेटले की फार प्रेमाने वागतात, आजाऱ्याशी वागतात तसं.

मला वाटलं होतं आकाश कोसळेल. काही झालं नाही. त्या मासिकाच्या पानावर माझ्या निबंधावर आडवा लाल शिक्का बसला, एवढंच. त्याच आठवड्यात त्या निबंधाचा आधार घेणारे आणखी दोन शोधनिबंध आले. लिहिणाऱ्यांनी शिक्का पाहिलाच नसावा. मी त्यांना पत्रं पाठवली. एकाने आभार मानले, दुसऱ्याने कळवलं की आता बदल करणं अवघड आहे. पाठ्यपुस्तकाची नवी आवृत्ती निघायला वेळ आहे, तोवर निळं डोकं तिथेच राहणार. त्या पीएचडी केलेल्या मुलीचं उत्तर मात्र मला झोंबलं. तिने लिहिलं, तुमच्यावर विश्वास ठेवून मी सहा वर्षं घालवली, पुढे काय करायचं तेही कळवा.

गुड्डीच्या शाळेलाही लिहिलं होतं. मुख्याध्यापकांचा फोन आला. फार सज्जन माणूस. म्हणाले, "मॅडम, खोली तं वरून आली. तुमच्याच रिसर्चचा कागद लावला होता त्याले. आता वरून कागद आल्याबिगर मी कसा बंद करू?" कागद चढायला एक दिवस लागला होता, उतरायला किती लागतील ते वरच्यांना ठाऊक. योजना चालवणाऱ्या संस्थेच्या मागे लागले आहे. नव्या सत्रापासून तुमची मुलं परत आपापल्या वर्गात बसतील, असं त्यांनी तोंडी कबूल केलं आहे. लेखी मिळेपर्यंत मी सोडणार नाही.

पण हे सगळं कागदावरचं झालं. तुमच्या गावात कोणी मेंदूशास्त्राचं मासिक वाचत नाही. तिथे जे पसरलं ते तोंडोतोंडी पसरलं, ते तोंडानेच परत घ्यावं लागेल. मी या महिन्याच्या शेवटी येते. समाजमंदिरात त्या वेळच्या आया जमल्या तर मी सगळ्यांसमोर सांगेन. तुला बोलवायला लावणं माझ्या जिवावर येतं, कारण मागच्या वेळीही तूच बोलावलं होतंस. पण दुसरं कोणी माझ्या शब्दावर येणार नाही.

रेणू

ता. क. पत्र बंद करत होते तेवढ्यात वहिनीचा फोन आला. तू तिला निरोप दिलास म्हणे. "येऊ दे म्हना." मी वहिनीला तीनदा विचारलं, आणखी काही म्हणाली का. नाही म्हणाली.


एकोडी
२८ एप्रिल २०२५

रुखमे,

काल तुझ्या दारातून चहासुद्धा न घेता आले. तू विचारलंस आणि मी नको म्हटलं. चहा घ्यायला बसले असते तर रडले असते, आणि मग तुम्ही सगळ्यांनी मलाच समजावलं असतं. तेवढं तरी टाळायचं होतं.

समाजमंदिरात जे झालं ते तू पाहिलंस. पण मला काय दिसलं ते सांगू दे.

मी पाठ करून आले होते. आधी पुस्तकी मराठीत बोलले, बाया पंख्याकडे बघत होत्या. मग आपल्या बोलीत सांगितलं, "तुमच्या पोरायच्या डोक्यात काहीच खराबी नव्हती. ते झोपेत होते, न म्या तपासलं. चूक माही हाये." वाटलं, आता सगळ्यांचे चेहरे उजळतील. कशाचं काय. बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. मग सूरजची आई उठली. तिच्या सूरजलाही गुड्डीसोबत त्याच खोलीत बसवतात. ती म्हणाली, "म्हंजे आमच्याच हातानं झालं म्हना की. आमीच तेल लावलो, आमीच झोपवून आनलो. एवढे दिवस धरनाले शिव्या देत होतो."

दुसरी कोणीतरी म्हणाली, "रुखमिणीनंच तं सांगतलं होतं घरोघरी, शांत करून आना म्हनून."

सगळ्यांनी तुझ्याकडे पाहिलं. आणि तू, रुखमे, पदर सारखा करत म्हणालीस, "हो, म्या सांगतलं."

तुला ते कोणी सांगायला लावलं, हे तू म्हणाली नाहीस. मीच समोर उभी होते आणि तू मला वाचवलंस, किंवा कदाचित तुला बघायचं होतं मी बोलते का. मी बोलले, पण लगेच नाही. घसा साफ केला, पाण्याची बाटली शोधली. ती बाटली शोधताना मी काय करत होते, हे तुला कळलं आणि मलाही कळलं. मग म्हटलं, "तिले म्या सांगतलं होतं. शब्द माहे होते." तोवर बाया उठायला लागल्या होत्या. सूरजची आई माझ्या जवळून जाताना म्हणाली, "कोनाच्या का तोंडून निंगे ना बाई. लेकराचे वर्ष तं गेले न."

मी माफी मागायला आले होते आणि त्या बायांच्या पदरात एक नवा दोष टाकून आले. आजपर्यंत त्यांना वाटायचं, धरणाने केलं. काल रात्री त्या आपल्या हातांकडे बघत बसल्या असतील. मी पुढच्या आठवड्यात पुन्हा येईन, आणि या वेळी एकेकीच्या घरी जाईन. सांगेन की लेकराला न्हाऊमाखू घालणं हा दोष नाही, ते बघून मला कळलं नाही हा दोष. त्या दारात उभं करतील की नाही ते माहीत नाही. न केलं तर बाहेरून सांगेन.

पण हे पत्र त्याच्यासाठी नाही. गुड्डीसाठी आहे.

सगळे गेल्यावर ती खांबाजवळ उभी होती. तुझ्यासारखीच उभी राहते, एका पायावर भार टाकून. म्हणाली, "मावशी, मंग मी ढ नाही?"

मी म्हटलं, "नाही बाई. कधीच नव्हतीस."

तिने विचार केला. तिचा विचार चेहऱ्यावर दिसतो. मग म्हणाली, "डोकं चांगलं हाये तं मंग मले भागाकार काहून येत नाही? सगळ्यायले येते."

रुखमे, मी मेंदूवर व्याख्यानं देत जग फिरले आहे. मला कोणीही काहीही विचारावं आणि मी उत्तर द्यावं, असा माझा लौकिक आहे. मी त्या पोरीच्या केसांवरून हात फिरवला आणि म्हटलं, "येईल." तेवढ्यात दादाने गाडीचा हॉर्न वाजवला आणि मी सुटले. होय, मला सुटल्यासारखं वाटलं.

‘येईल’ हे काही उत्तर नव्हे. तिने ‘येईल का’ असं विचारलंच नव्हतं. तिने ‘काहून’ विचारलं होतं. आणि ते तिला कोणीतरी नीट सांगितलं नाही, तर ती स्वतःच उत्तर शोधेल, आणि ते पुन्हा स्वतःच्या डोक्यातच शोधेल.

मी एकेकीच्या घरी येईन तेव्हा तुझ्याही दारात येईन, तू उघडलंस तर. पण तिला तोवर थांबवू नकोस. हे पत्र मिळेल त्या दिवशी तिला समोर बसव, भावजींनाही बसव, आणि पुढच्या ओळी मोठ्याने वाच. गाळू नकोस, सौम्य करू नकोस.

गुड्डी, तुझ्या वर्गातल्या मुलांना भागाकार शिकवत होते तेव्हा तू शेजारच्या खोलीत मातीचे बैल करत होतीस. तुला तिथे बसवलं, कारण तुला शिकवून उपयोग नाही असं एका पुस्तकात लिहिलं होतं. ते मी लिहिलं होतं. ते खोटं होतं. तुला भागाकार येत नाही, कारण तो तुला कोणी शिकवलाच नाही.

रेणू